वहिवाट

वोल्गा नदीच्या काठावरच्या त्वेर गावचा अफनासी निकितिन नावाचा व्यापारी १४७०च्या सुमारास चौल बंदरात उतरला. वाटेत लुटला गेलेला, कास्पियन आणि इराण ओलांडून होर्मूझमार्गे आलेला, आणि भांडवल म्हणाल तर विकायला आणलेला एक घोडा. वास्को द गामा कालिकतला पोचायला अजून जवळजवळ तीस वर्षं होती. निकितिनने प्रवासाच्या नोंदी ठेवल्या. चौलबद्दल त्याने जे लिहिलंय त्यात इथल्या माणसांच्या अंगावर कपडे किती कमी याचं आश्चर्य आहे, बायकांची डोकी उघडी असल्याची नोंद आहे. आणि मग लगेच तो लिहितो की मी जिथे जातो तिथे माझ्यामागे गर्दी असते, गोऱ्या माणसाचं यांना नवल वाटतं.

मला या नोंदीत एक सरळ हिशेब दिसतो. तो बघायला आला होता (खरं तर विकायला, पण बघतही होता), आणि गाव त्याला बघत होतं. कोण कोणासाठी प्रेक्षणीय आहे हे ठरलेलं नव्हतं. आज आपण प्रवासाला जातो तेव्हा हा हिशेब एकाच बाजूने लिहिला जातो. आपण बघणारे, ते दिसणारे. तिकीट काढलं, बूट घातले, फोन चार्ज केला, की बघण्याचा हक्क मिळाला असं आपण धरून चालतो. हा हक्क कुठून येतो, हा प्रश्न गेलं वर्षभर माझ्या डोक्यात आहे. त्याचं कारण तात्त्विक नाही, एक एक्सेल शीट आहे. तिच्याकडे नंतर येतो.

निकितिनचं स्मारक रेवदंड्यात आहे. ते बघायला कोणी मुद्दाम जात नाही. अलिबागहून मुरुडकडे जाणारी गाडी रेवदंड्यात शिरते तेव्हा ती पोर्तुगीजांच्या तटातून आत जाते, हेही बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पुढे काशीद गाठायचं असतं. जे थांबतात ते सातखणी मनोऱ्यासमोर फोटो काढतात, तटावर थोडं चालतात, समुद्राच्या बाजूला उतरतात आणि म्हणतात, इथे बघण्यासारखं काही उरलेलं नाही. एका अर्थी खरं आहे. १५२०च्या दशकात पोर्तुगीजांनी इथे किल्ला बांधला, पुढे त्याभोवती तटबंदीचं शहर वाढलं, चर्च, मठ, वखारी, घरं. १५७०-७१ साली निजामशाहीच्या फौजेने घातलेला वेढा या शहराने सोसला. त्यातलं आज उभं आहे ते म्हणजे तट, काही भिंती, काही कमानी आणि तो मनोरा.

पण आत काय आहे? आत नारळ आहेत, पोफळी आहेत, विहिरी आहेत, घरं आहेत. तुळशीवृंदावन आहे, त्याला टेकून स्कूटर आहे, वाळत घातलेले कपडे आहेत. या किल्ल्याचं स्थानिक नावच आगरकोट. आगर म्हणजे वाडी, कोट म्हणजे तट. परदेशी राजाचा तट आणि त्याच्या आत कोकणी माणसाची वाडी, हे दोन शब्दांत इतकं नेमकं कोणी ठेवलं असेल कोणास ठाऊक. आमच्या धंद्यात एक अनुभव नेहमी येतो. वीस वर्षांपूर्वी कोणीतरी लिहिलेली सिस्टिम असते, लिहिणारा कंपनी सोडून गेलेला असतो, ती मूळ ज्यासाठी होती ते कामही संपलेलं असतं, पण ती बंद करता येत नाही कारण कोणीतरी तिचा दुसऱ्याच कशासाठी तरी रोज वापर करत असतं. आगरकोट तसा आहे. अवशेष म्हणावं तर तो वापरात आहे.

आणि हा तट मुळात कशासाठी होता हे विसरू नये. तेव्हा चौल दोन होती. वरचं चौल निजामशाहीतलं, मुसलमान आणि हिंदू व्यापाऱ्यांचं, विणकरांचं. आणि खालचं चौल पोर्तुगीजांचं, म्हणजे आजचं रेवदंडा. तट त्या दोन चौलांच्या मध्ये होता. कोणी आत राहायचं आणि कोणी बाहेर, हे सांगणारी ती दगडी यादी होती. १७३९ मध्ये वसई पडली, पुढच्या वर्षी तहात चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आली, पोर्तुगीज निघून गेले आणि तटाची यादी रद्द झाली. ज्यांना बाहेर ठेवायचं होतं तेच आत राहायला आले.

आता जरा लांब जाऊ, कारण तटबंदीचं समुद्रकाठचं गाव ही काही आपली खासियत नाही. दोन वर्षांपूर्वी आम्ही चार मित्र श्रीलंकेत गॉलला गेलो होतो. तिथेही आधी पोर्तुगीज, मग १६४० पासून डच. १९८८ पासून जागतिक वारसास्थळ. २००४ च्या त्सुनामीत बाहेरचं गॉल उद्ध्वस्त झालं आणि तटाच्या आतलं बरंचसं वाचलं, इतके ते तट भक्कम. गॉल फार सुंदर आहे. म्हणजे रेवदंडा आवरून, रंग देऊन, कॉफीचा वास सोडून ठेवलं तर जसं दिसेल तसं. आत मशीद आहे, चर्च आहे, शाळा आहेत, संध्याकाळी गावातली कुटुंबं तटावर फिरायला येतात. पण एकेका गल्लीत चालताना लक्षात येतं की घर, घर, हॉटेल, हॉटेल, दागिन्यांचं दुकान, हॉटेल असा क्रम आहे. वारसास्थळ झाल्यावर घरांना भाव आला, परदेशी पैसा आला, कित्येकांनी विकलं. ज्यांनी विकलं त्यांचं काही चुकलं असं मला म्हणता येत नाही. भाव चांगला होता.

याच वाटेवर फार पुढे गेलेलं गाव म्हणजे क्रोएशियातलं दुब्रोव्हनिक. तिथे मी गेलेलो नाही, ऑफिसातले दोघे जाऊन आलेत आणि दोघांचेही फोटो हुबेहूब एकसारखे आहेत. तिथल्या तटावर चालायला तिकीट आहे. १९९१ मध्ये तटाच्या आत सुमारे पाच हजार माणसं राहत होती. आज दीड हजारांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. मधल्या काळात युद्ध झालं, तोफगोळे पडले, आणि तरीही गाव रिकामं केलं ते तोफांपेक्षा पाहुण्यांनी. कोणी कोणाला हाकललं नाही. प्रत्येक व्यवहार राजीखुशीचा होता. प्रत्येक पाहुणा सभ्य होता, पैसे देऊन आला होता, कचरा डब्यात टाकत होता. या सगळ्या निर्दोष कृतींची बेरीज अशी झाली की जे बघायला लोक येत होते ते नाहीसं झालं. आत तट राहिला, गाव गेलं.

नैतिक प्रश्न म्हणून ही गोष्ट मला अवघड वाटते ती यासाठीच. आपली नीतीची सगळी सवय माणूस शोधण्याची आहे: कोणी लुबाडलं, कोणी फसवलं, कोणी परवाना दिला. इथे आरोपी सापडत नाही.

आता एक्सेल शीट. मांडव्याला १५ मार्च २०२० पासून रो-रो सुरू झाली, म्हणजे भाऊच्या धक्क्यावर गाडी बोटीत चढवायची आणि तासाभरात पलीकडे उतरवायची. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला. चौल-रेवदंड्यापर्यंत जमिनीचे भाव कसे चढले हे सांगायला नको. आमच्यातल्या एकाने आगरकोटाच्या आतली एक वाडी शोधून काढली. पंचवीसेक गुंठे, पोफळी आणि नारळ, एक विहीर, आणि कौलारू घर ज्याची मागची पडवी बसलेली आहे. चौघांनी मिळून घ्यायची, घर दुरुस्त करायचं, होमस्टे काढायचा. चौघांपैकी एकाच्या नावावर सातबारा आहे, म्हणजे शेतकरी दाखल्याचा प्रश्न नाही. शीटमध्ये एक रकाना शनिवार-रविवारच्या भरतीचा टक्का दाखवतो, एक रकाना पावसाळ्याचा. नाव ठरलं होतं, लोगोसुद्धा झाला होता. लोगोत अर्थातच तट आणि नारळ.

मी कुरकुर केली तेव्हा ज्या मित्राने ही वाडी शोधली त्याने जो युक्तिवाद केला तो मला अजून पूर्ण खोडता आलेला नाही. त्याचं म्हणणं असं: मालक सत्तरीच्या पुढचे आहेत. एक मुलगा ठाण्याला, एक मस्कतला. दोघेही परत येणार नाहीत. सुपारी काढायला माणूस मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. २०२० च्या निसर्ग वादळात निम्मी पोफळ आडवी झाली ती पुन्हा लावायला त्यांच्यात बळ नाही. आपण नाही घेतलं तर दुसरा कोणी घेईल आणि तो स्विमिंग पूल बांधेल. आणि मुख्य मुद्दा: त्यांना विकायचं आहे. त्यांनी गरिबीत राहून तुझ्यासाठी गावपण जपावं, ही तुझी अपेक्षा त्यांच्यावर कोणत्या हक्काने? तू पुण्यात सातव्या मजल्यावर एसीत बसून त्यांना कौलं शाकारायला सांगतोस.

हे शेवटचं वाक्य खरं आहे. गावाने जुनं राहावं ही इच्छा बहुतेक वेळा गावाबाहेरच्याचीच असते. आपला पुरातत्त्व कायदासुद्धा काही प्रमाणात त्याच नजरेतून लिहिलेला आहे. १९५८ च्या कायद्याला २०१० मध्ये दुरुस्ती झाली. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, त्यापुढच्या दोनशे मीटरमध्ये परवानगीने. दिल्लीत हुमायूनच्या मकबऱ्याभोवती हा नियम समजतो. पण जिथे स्मारक म्हणजेच गावाची भिंत आहे, तिथे शंभर मीटर म्हणजे लोकांची न्हाणीघरं. घरातल्या सुनेला वेगळी खोली हवी तर तिचा अर्ज वारसा जपणाऱ्या प्राधिकरणाकडे. कायदा नको असं मी म्हणत नाही. तो नसता तर तटाचे दगड कधीच कोणाच्या तरी जोत्यात गेले असते. पण जपण्याचं श्रेय सगळ्या देशाचं आणि जपण्याची किंमत त्या शंभर मीटरमधल्यांची, ही वाटणी विचित्र आहे.

खाडीपलीकडे कोर्लईला हीच गोष्ट दगडाशिवाय घडलेली आहे. टेकडीवरचा किल्ला पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये घेतला. तो गेला १७४० च्या तहात. पायथ्याच्या ख्रिस्ती वस्तीत मात्र पोर्तुगीजांतून घडलेली भाषा राहिली. तीनशे वर्षं होत आली, ती अजून घरांतून बोलली जाते. बोलणारे हजाराच्या आत. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या भाषाशास्त्रज्ञाने तिच्यावर पुस्तक लिहिलं, १९९६ साली. शब्द पोर्तुगीजांचे, पण वाक्य मराठीच्या चालीवर गेलेलं: क्रियापद शेवटी. बोलणारे तिला जे म्हणतात त्याचा अर्थ ‘आपली भाषा’ एवढाच. त्या नावात ना पोर्तुगाल आहे, ना वारसा.

गेल्या काही वर्षांत कोर्लईला कॅमेरे जायला लागले. दीपगृह बघून झालं की गावात यायचं, एखाद्या मावशीला थांबवायचं आणि म्हणायचं, जरा बोलून दाखवा ना. मी असे काही व्हिडिओ बघितलेत. मावश्या हसतात, दोन वाक्यं बोलतात, कधी गाणं म्हणतात. यात क्रौर्य नाही. पण तुम्हाला कोणी रस्त्यात थांबवून ‘जरा मराठी बोलून दाखवा’ म्हटलं तर तुम्ही काय बोलाल? भाषा बोलून दाखवायची वस्तू झाली की ती बोलायची राहत नाही. आणि तरी, व्हिडिओ बघणाऱ्यांपैकी एखाद्या कोर्लईच्याच पोराला, जो मुंबईत नोकरी करतो आणि घरी फोनवर मराठी बोलतो, आपल्या आजीची भाषा महत्त्वाची आहे असं पहिल्यांदा वाटलं असेल, ही शक्यता मी फेकून देऊ शकत नाही. नजर मारते आणि जगवतेही. प्रमाण कोण ठरवणार?

जंजिऱ्याचं दुसरंच टोक. राजपुरीहून शिडाची होडी, होडीत गाइड, पाऊण तासात परत या अशी तंबी. दरवाजाशी तो प्रसिद्ध दगडी पशू, पायांत आणि शेपटीत हत्ती पकडलेला. तोफा मोजायच्या, गोड्या पाण्याचे तलाव बघायचे. मराठी प्रवाशाची इथे थोडी अडचण होते, कारण हा किल्ला ‘आपण’ घेतला नाही. संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये समुद्रात दगड टाकून सेतू बांधायला घेतला, मोगल फौज कोकणात उतरली म्हणून अर्ध्यात सोडावा लागला. गाइड हे सगळं रंगवून सांगतो आणि ऐकणारे हळहळतात. आफ्रिकेतून आलेल्या, कित्येकांच्या बाबतीत गुलाम म्हणून आणल्या गेलेल्या माणसांच्या वंशजांनी १९४८ पर्यंत इथे राज्य केलं, ही गोष्ट हळहळीपेक्षा मोठी आहे, पण ती ‘आपला की त्यांचा’ या चाळणीतून पडून जाते.

मला तिथे अडखळायला होतं ते वेगळ्या ठिकाणी. काही दशकांपूर्वीपर्यंत या तटाच्या आत माणसं राहत होती. कुटुंबं, मुलं, नमाज, चुली. मग किनाऱ्यावर येणं सोयीचं झालं आणि सगळे उठून आले. सोयीसाठी गाव सोडणं यात काही गैर नाही, माझ्या आजोबांनी तेच केलं. पण किल्ला रिकामा झाल्यावर तो बघायला जाणं किती सोपं झालं बघा. कोणाच्या अंगणातून जातोय अशी भीती नाही, कोणी ‘काय हवंय’ विचारत नाही. रेवदंड्यात बघण्यासारखं काही नाही असं वाटतं आणि जंजिऱ्यात वाटत नाही, याचं एक कारण जंजिऱ्याचे बुरूज नक्कीच आहेत. दुसरं कारण मला वाटतं हे की रेवदंड्यात माणसं मध्ये येतात.

आणि कधी कधी बघायला आलेलाच घरचा असतो. रेवदंड्यात बेने इस्रायलांचं सिनेगॉग आहे, बेथ एल. एकेकाळी या पट्ट्यात गावोगावी तेल गाळणारे हे शनिवार-तेली, आडनावं रोहेकर, पेणकर. १९४८ नंतर बहुतेक इस्रायलला गेले. आता त्यांची नातवंडं येतात, हिब्रू बोलत, गळ्यात कॅमेरा, पासपोर्ट परदेशी, आणि आजीच्या घराची जागा शोधतात. गावाच्या दृष्टीने ते पर्यटक आहेत. आमची शीट त्यांच्यासाठीही एक रकाना ठेवून होती, ‘हेरिटेज गेस्ट’ म्हणून.

शेवटी आम्ही चौघे वाडी बघायला गेलो. काकांनी शहाळी काढून ठेवली होती. व्यवहाराचं बोलणं सुरू झालं तेव्हा ते किमतीवर फारसे अडले नाहीत. अडले ते दुसऱ्याच गोष्टीवर. वाडीच्या मधून एक पायवाट जाते, विहिरीवरून, मागच्या बाजूला समुद्राकडे. शेजारची तीन घरं तिथूनच जातात-येतात. पावसाळ्यात नळाचं पाणी गढूळ आलं की याच विहिरीवर येतात. काका म्हणाले, ‘‘ही वाट बंद करायची नाय. तेवढं कागदावर लिहून द्या.’’

आमचा शीटवाला मित्र म्हणाला, ‘‘काका, गेस्ट असताना लोक मधून गेले तर प्रायव्हसी राहत नाही. आपण बाजूने करून देऊ ना.’’

‘‘बाजूने पाणी साचतं. आणि वाट काय मी दिलेली नाय, मी कशी बाजूला करू? ती वहिवाट आहे.’’

वहिवाट. मी घरी येऊन कायदा वाचला. १८८२ चा सुखाधिकार कायदा, कलम पंधरा: वीस वर्षं अखंड, उघडपणे, हक्काने वापर केला तर वापरणाऱ्याला त्या वाटेचा हक्क मिळतो, जमीन कोणाच्याही नावावर असो. इंग्रजी कायदा आहे, पण शब्द आपल्याकडे त्याच्या आधीपासून आहे, आणि ‘वहिवाट’ म्हणजे नुसती पायवाटही नव्हे. कारभार, चालत आलेली रीत, हाताळणं, हे सगळं त्यात येतं. माझा सगळा गोंधळ मी आतापर्यंत दोनच प्रकारच्या हक्कांत मांडत होतो: एक मालकाचा, कागदावरचा, आणि एक सगळ्यांचा, वारशाचा, इतिहासाचा. मालक विकू शकतो, देश जपू शकतो, प्रवासी बघू शकतो. काकांनी तिसरा दाखवला. जो येत-जात राहतो त्याचा. पोर्तुगीजांच्या तटाच्या आत आगर लावणाऱ्यांचा हक्क असाच आहे. कोर्लईच्या भाषेवर तिच्या बोलणाऱ्यांचा असाच आहे, लिस्बनचा नाही आणि भाषाशास्त्राचाही नाही. मित्राच्या युक्तिवादातली फटही मला इथेच दिसली. मालकाला विकायचा हक्क आहे, पूर्ण आहे. पण शेजारची तीन घरं त्या व्यवहारात सही करत नाहीत, आणि दुब्रोव्हनिक रिकामं होतं ते बहुधा अशाच न विचारलेल्या लोकांपासून सुरू होत असणार.

याने सगळं सुटत नाही, हेही खरं. वहिवाटीच्या नावाखाली आपल्याकडे लोकांना विहिरीपासून दूरही ठेवलं गेलंय, पिढ्यान्‌पिढ्या. महाडचं चवदार तळं याच जिल्ह्यात आहे; १९२७ मध्ये तिथे पाणी प्यायला सत्याग्रह करावा लागला, आणि समोरची बाजू रीतीचाच दाखला देत होती. त्यामुळे चालत आलंय म्हणून बरोबर, असं मी म्हणणार नाही. मी काकांना विचारलं की विहिरीवर सगळे येतात का. ते म्हणाले, आता येतात. ‘आता’वर जोर होता. पुढे त्यांनी काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

निघताना काकूंनी विचारलं, ‘‘यातलं राहणार कोण?’’ आम्ही म्हटलं, आळीपाळीने येऊ, बाकी एक माणूस ठेवू. त्यांनी मान हलवली आणि शहाळ्याच्या करवंट्या गोळा करायला घेतल्या.

सध्याची स्थिती अशी आहे. एक मित्र बाहेर पडला, त्याला ताम्हिणीत प्लॉट मिळतोय. शीटवाला मित्र अजून म्हणतो की वाट कागदावर आणली तर विकताना भाव पडेल. मी त्याला म्हटलंय की वाट सातबाऱ्याच्या इतर हक्कांत नोंदवायची असेल, शेजारच्या तिन्ही घरांशी आधी बोलणं होणार असेल, आणि आपल्यापैकी एक जण वर्षातले निदान चार महिने तिथे राहणार असेल, तर माझा हिस्सा आहे, नाहीतर नाही. चार महिने कोण राहणार यावर ग्रुपवर गेले तीन आठवडे शांतता आहे. माझी कंपनी घरून काम करू देते, पण आठवड्यातून तीनच दिवस. रेवदंड्यात नेट कसं आहे ते बघायला पुढच्या महिन्यात मी एकटा जाऊन येणार आहे.